फ्लाइटगिअरसाठी हंसाची फाईल करालोय, लोड झालं की उडी मारतंय आणि शेपटीवर बसतंय

खानापूर_घाट

नमस्कार मंडळी. इथं कोण फ्लाइटगिअरवाले आहेत काय? माझा लॅपटॉप जुना, ग्राफिक कार्ड वेगळं नाही, त्यामुळे मायक्रोसॉफ्टचं नवीन सिम्युलेटर माझ्याकडं उघडणारच नाही, म्हणून फ्लाइटगिअर. फुकट आहे आणि सगळ्या फाईली उघड्या असतात, नोटपॅडमध्ये बदलता येतात.

आपल्या बेंगळूरच्या एनएएलचं (नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीज) हंसा-३ विमान करायचं डोक्यात आहे. दोन सीटचं, खालच्या पंखाचं, कंपोझिट बॉडी, रोटॅक्स ९१४ इंजिन. आकडे जमवलेत ते असे: पंखांचा पसारा १०.४७ मीटर, पंखांचं क्षेत्रफळ १२.४७ चौ. मीटर, लांबी ७.६ मीटर, रिकामं वजन ५५० किलो आणि जास्तीत जास्त ७५०. हे सगळं एरोमॅटिकमध्ये (आकड्यांवरनं विमानाची फाईल करणारा प्रोग्रॅम) भरलं, त्यानं जेएसबीसिमची (फ्लाइटगिअरमध्ये विमान कसं उडणार ते ठरवणारा भाग) फाईल काढून दिली, विमान सुरू पण झालं. पण चाकं मॉडेलच्या चाकांशी जुळत नव्हती, मग तसल्याच एका छोट्या विमानाच्या यासिमच्या (जेएसबीसिमसारखाच दुसरा भाग) फाईलमधनं चाकांचे आकडे उचलून ह्याच्यात घातले (ते मीटरमध्ये होते, युनिटमध्ये मीटर लिहिलंय, तेवढं बघितलंय).

आता सांब्र्याच्या (बेळगावचं विमानतळ) रनवेवर लोड केलं की विमान पहिलं एक उडी मारतंय, मग मागं कलंडून शेपटीवर बसतंय आणि नाक आभाळाकडं करून तसंच थरथरत राहतंय. स्प्रिंगचे आकडे कमीजास्त करून बघितले, थरथर कमी होते पण शेपूट काय उचलत नाही. आणि ते स्प्रिंग, डॅम्पिंगचे (झुलणं थांबवायचे) आकडे आणायचे कुठनं? इंग्लिश फोरमवर विचारलं तर मॅन्युअल वाच म्हणून लिंक टाकून गप्प बसतात. मॅन्युअल वाचलंय ओ, त्यात कुठला टॅग काय ते आहे, आकडा कसा काढायचा ते नाही. कोण मराठीत सांगेल काय?

शहापूर_सीएनसी

शेपटीचं कारण तुझ्याच पोस्टमध्ये आहे बघ. यासिममधनं चाकं उचललीस ना, तिथंच.

जेएसबीसिममध्ये जागा सांगायची ती स्ट्रक्चरल फ्रेममध्ये. एक्स वाढतो तो शेपटीकडं, वाय उजव्या पंखाकडं, झेड वर. यासिममध्ये उलटं, एक्स वाढतो नाकाकडं आणि वाय डावीकडं, झेड तेवढा वरच. म्हणजे तू आणलेली चाकं आरशातल्यासारखी उलटी पडली, आणि वर शून्य पण वेगळं. एरोमॅटिकनं तुझा सीजी (वजनाचा मध्यबिंदू) बहुतेक नाकापासनं मोजून इंचात दिलाय, समज ९३ इंच. तुझं पुढचं चाक यासिमप्रमाणं अधिक १.५ मीटर आणि मागची दोन उणे ०.२ असतील (अंदाज सांगालोय, तुझे बघून घे). ९३ इंच म्हणजे २.३६ मीटर. आता तूच बघ, २.३६ च्या मागं एक तरी चाक आहे काय? तिन्ही चाकं सीजीच्या पुढं, मग विमान मागं बसणार नाही तर काय करणार. स्प्रिंग कितीही बदल, त्यानं काय होणार नाही.

मी उद्यमबागेत मशिनवर असतो. आमच्याकडं जॉब लावला की पहिलं झिरो कुठं धरलाय ते बघायचं, प्रोग्रॅम मागनं. इथं पण तेच. जेएसबीसिमला शून्य कुठं धरलंस त्याचं काही पडलेलं नाही, स्पिनरचं टोक धर नाहीतर फायरवॉल धर, पण सीजी, एरोआरपी (हवेचा जोर धरतात तो बिंदू), आयपॉइंट (पायलटचा डोळा), चाकं, टाक्या, पायलटचं वजन, इंजिन, सगळं त्याच एका शून्यापासनं पाहिजे. एक जरी दुसऱ्या फाईलीतनं तसंच आलं की खेळ संपला.

असं कर. तुझ्या थ्रीडी मॉडेलमध्ये, ब्लेंडर असेल तर त्यात, स्पिनरच्या टोकावर शून्य ठेव. तिथनं पुढचं चाक जमिनीला टेकतं तो बिंदू मोज, मागच्या चाकांचा मोज. चाकाचा मध्य नको, टेकतो तो बिंदू, आणि शॉक दबलेला नसताना. इंच किंवा मीटर कायपण चालतं, पण फाईलभर एकच ठेव, डोक्याला ताप कमी.

मग सीजी. तीनचाकी विमानात मागची चाकं सीजीच्या थोडी मागं पाहिजेत, पुढच्या चाकावर वजनाचा आठ ते पंधरा टक्के भाग यावा. समज पुढचं चाक ४० इंचावर, मागची १०० वर, सीजी ९३ वर. १०० वजा ९३ म्हणजे ७, भागिले ६०, साडेअकरा टक्क्यांच्या वर. बरोबर बसलं. सीजी ९९ ला नेलास तर दीड-दोन टक्के, मग पायलट बसला की गाडी मागं.

टिळकवाडी_ए३२०

एक्सची दिशा ठरवायला पण वादच! इथं गावाच्या पाटीवरनं एवढी वर्षं चाललंय, आता विमानाच्या पाटीवरनं सुरू करा 😄

मी मायक्रोसॉफ्टवाला आहे. आमच्याकडे पहिला आकडा पुढे वाढतो, दुसरा उजवीकडे, सगळं फुटात. म्हणजे तीन सिम्युलेटर, तीन तऱ्हा. पण एक गोष्ट आमच्याकडे सोपी आहे: कॉन्टॅक्ट पॉइंटच्या (चाक टेकतं ती जागा) ओळीत स्प्रिंगचा आकडा द्यायचाच नसतो. विमान उभं असताना शॉक किती फूट दबतो ते सांगायचं, जास्तीत जास्त त्याच्या किती पट दबेल ते सांगायचं, आणि डॅम्पिंगचं गुणोत्तर. बाकी तो बघून घेतो. लॅपटॉप बदललास की इकडेच ये.

हां, पण आमच्याकडची डोकेदुखी वेगळी. फ्लाइट मॉडेलची फाईल बदलली की पॅकेजच्या लेआउट फाईलमध्ये फाईलींची यादी आणि साईज परत लिहावी लागते, नाहीतर तुझा बदल घेतलाय की नाही तेच कळत नाही.

निपाणी_ग्लायडर

लॅपटॉप बदल म्हणणं सोपं हाय ओ टिळकवाडी, पोरगं शिकालंय अजून.

खानापूर, स्प्रिंगचं मी सांगतो. टिळकवाडीनं जे सांगितलं त्यातच उत्तर हाय, मायक्रोसॉफ्टवाले जे आतनं करतात ते तू कागदावर करायचं. शॉक किती दबायला पाहिजे ते आधी ठरव. छोट्या विमानाला उभं असताना तीन इंच म्हणजे पाव फूट धरलं तर लई चूक नाही. ७५० किलो म्हणजे १६५३ पौंड. शहापूरच्या हिशोबानं पुढं जवळजवळ १२ टक्के, मागं ८८, म्हणजे मागच्या एकेका चाकावर ७३० पौंड. ७३० भागिले पाव फूट, २९२० पौंड प्रति फूट. झाला तुझा स्प्रिंग. पुढच्यावर १९३ पौंड, भागिले पाव, ७७० च्या आसपास, पण ब्रेक मारला की वजन पुढं येतंय म्हणून हजार ठेव.

डॅम्पिंग: स्प्रिंग गुणिले वस्तुमान, त्याचं वर्गमूळ, त्याची दुप्पट. वस्तुमान स्लगमध्ये, म्हणजे पौंड भागिले ३२.२. ७३० पौंडाचे २२.७ स्लग. उत्तर ५१५ येतंय. हे क्रिटिकल, म्हणजे एकदा दबलं की झुलणारच नाही. खऱ्या विमानाला जरा झुलायचं असतंय, म्हणून निम्म्यापासनं सुरुवात कर, अडीचशे ते साडेतीनशेमध्ये कुठंतरी बसंल. इथनं तिथनं उचललेला आकडा दहा हजार असला तर विमान टेनिसच्या बॉलसारखं उडणारच की भावा.

उडी मारण्याचं दुसरं एक कारण असतंय, लोड होताना चाकं जमिनीच्या खाली असतात. प्रॉपर्टी ब्राउजर उघड, जेएसबीसिमच्या झाडात गिअरमध्ये प्रत्येक चाकाचं कम्प्रेशन फुटात दिसतंय. उभं असताना तिथं ०.२५ च्या आसपास दिसलं पाहिजे. एका चाकाला शून्य आणि दुसऱ्याला अर्धा फूट दिसालं तर कुठलातरी झेड चुकलाय. आणि इनर्शियामध्ये सीजीचा एक्स इंचात दिसतोय, तो पण बघ, टाकी आणि माणसं धरून आलेला सीजी तोच. फाईलीत लिहिलेला सीजी रिकाम्या विमानाचा असतोय.

खानापूर_घाट

उभं राहिलं! चाकं परत मोजून घातली, सीजी ९२.४ दाखवालंय, मागच्या चाकांचं कम्प्रेशन ०.२४ आणि ०.२४. शहापूर, निपाणी, दोघांना खानापूरला आल्यावर चहा माझ्याकडं.

आता पुढचं. इंजिन चालू होतंय, सांब्र्याच्या रनवेवर पळतंय पण, पण ११० नॉट झाल्याशिवाय उचलतच नाही. स्टिक पोटापर्यंत ओढली की नाक वर येतंय, आठ-दहा डिग्री दिसतंय, पण चाकं जमिनीवरच. आणि ११० ला आपोआप उचलतंय, मग स्टिक ओढा नाहीतर सोडा. लिफ्टचं टेबल मी बदललंय, एरोमॅटिकचं काढून एका विंगच्या ग्राफवरनं आकडे घेतले, उणे चारपासनं अठरा डिग्रीपर्यंत.

शहापूर_सीएनसी

डिग्रीपर्यंत म्हणालास तिथंच थांब. टेबलच्या वर इंडिपेंडंट व्हेरिएबल (डावा कॉलम कशाचा ते) कुठला लिहिलाय? एरोमॅटिक अल्फा (पंखाचा हवेशी कोन) रेडियनमध्ये देतोय. तू आकडे डिग्रीचे भरलेस आणि वरचं नाव तसंच ठेवलं असशील तर विमानाचा अल्फा १० डिग्री झाला तरी टेबलला दिसणार ०.१७, आणि ते त्याला ०.१७ डिग्री समजणार. म्हणजे लिफ्ट कोएफिशंट (पंख किती उचलतो तो आकडा) शून्य डिग्रीला जेवढा तेवढाच राहणार, नाक कितीही वर कर.

हिशोब करून बघितला. शून्य डिग्रीला तुझ्या ग्राफमध्ये ०.३ च्या आसपास असणार. ७५० किलो, १२.४७ चौ. मीटर, हवेची घनता १.२२५ धरून ०.३ ला वजन उचलायला लागणारा वेग येतोय ५६.७ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ११० नॉट. तुझाच आकडा. व्हेरिएबलचं नाव अल्फा डिग्रीवालं कर, नाहीतर डाव्या कॉलमचे आकडे ५७.३ नं भाग.

ते करालास तर एकदा ग्राफ पण पडताळून घे. पसाऱ्याचा वर्ग भागिले क्षेत्रफळ, हंसाचा आस्पेक्ट रेशो येतो ८.८. पातळ पंखाच्या लिफ्टच्या ग्राफचा चढ रेडियनला २π, त्याला ८.८ भागिले १०.८ नं गुणलं की ५.१, म्हणजे डिग्रीला ०.०८९. शून्याला ०.३ धरलं तर साडेतेराला १.५. तिथं कुठंतरी टेबल वाकलं पाहिजे आणि मग खाली आलं पाहिजे, नाहीतर तुझं विमान स्टॉलच (लिफ्ट तुटून पडणं) होणार नाही. १.५ ला स्टॉल बसतोय ४९ नॉटला, फ्लॅप नसताना. टेबल घातल्यावर वर जाऊन थ्रॉटल काढून बघ, ४९ च्या जवळ पडतंय काय. बाकीचं काय बी चाचपण्याआधी हे.

फंक्शनमध्ये कशाकशाचा गुणाकार आहे ते पण बघ. लिफ्टला डायनॅमिक प्रेशर (वेगामुळं येणारा हवेचा दाब), पंखाचं क्षेत्रफळ आणि टेबल, तीनच. नाक वर-खाली होण्याच्या मोमेंटला त्यात कॉर्ड (पंखाची रुंदी) पण, रोल (बाजूला कलणं) आणि यॉला (नाक डावी-उजवीकडं वळणं) पसारा. क्षेत्रफळ राहिलं तर लिफ्ट १३४ पट कमी, कारण ते चौरस फुटात १३४ आहे. आणि चिन्हं: अल्फानं येणारा पिच मोमेंट उणे पाहिजे. तो अधिक झाला तर नाक जरा उचललं की अजून उचलत जातंय आणि विमान पाठीवर.

निपाणी_ग्लायडर

शहापूरनं सांगितलं त्यावर दोन गोष्टी.

एक, कुठली हंसा करालायस ते नक्की कर. हंसा-३ ला टर्बोवालं ९१४ हाय, पण २०२१ साली उडालेल्या हंसा-एनजीला ९१२ आयएस, त्याला टर्बो नाही. सांब्रा सुमारे अडीच हजार फुटावर हाय, स्टँडर्ड हवा धरली तर घनता समुद्रसपाटीच्या ९३ टक्के. टर्बो नसेल तर ताकद पण तेवढी पडणार, वरनं लिफ्टऑफचा खरा वेग पावणेचार टक्क्यानं वाढणार (एअरस्पीडच्या काट्यावर तो दिसणार नाही, काटा तोच आकडा दाखवतोय). ९१४ असेल तर इंजिनच्या फाईलीत बूस्टचे (टर्बोच्या दाबाचे) टॅग भर, रेटेड बूस्ट, रेटेड पॉवर, आरपीएम, उंची, हे चार नाही भरले तर जेएसबीसिम त्याला साधं इंजिन समजतंय. मग गोव्यात बरोबर चढतंय आणि बेळगावात रडतंय.

आणि डिस्प्लेसमेंट घनइंचात, ९१४ चे १२११ सीसी म्हणजे ७३.९. गिअरबॉक्स पण इसरू नको. इंजिन ५८०० ला पळतंय, प्रोपेलर नाही. २.४३ ला एक. प्रोपेलरच्या फाईलीत गिअर रेशो नाही घातला तर प्रोपेलर पण ५८०० नं फिरणार आणि थ्रस्टचे आकडे येड्यासारखे येणार. बरोबर घातला की २३८७.

दुसरं, इनर्शिया (विमान फिरवायला किती जड जातंय ते). एरोमॅटिकचा अंदाज असतोय, पण तो ठीक हाय काय ते हातानं बघता येतंय. पसारा ३४.३५ फूट गुणिले ०.२५, भागिले दोन, वर्ग, गुणिले वस्तुमान. रिकामं वजन घ्यायचं हां, कारण फाईलीतला इनर्शिया रिकाम्या विमानाचा, माणसं आणि पेट्रोल तो वरनं मिळवतोय. १२१३ पौंडाचे ३७.७ स्लग, आयएक्सएक्स (रोलचा) ७०० च्या आसपास. लांबीवरनं ०.३८ धरून आयवायवाय (नाक वर-खालीचा) ८४५, दोघांच्या सरासरीवरनं ०.३९ नं आयझेडझेड (यॉचा) १२६०. तुलनेला सेसना १७२ च्या फाईलीत ९४८, १३४६, १९६७ हायत, ते जड विमान. आणि कुठल्याबी दोघांची बेरीज तिसऱ्यापेक्षा कमी येत असेल तर आकडा फेकून दे, तसली वस्तूच जगात नसते.

टिळकवाडी_ए३२०

हे वाचून आता मलाच फ्लाइटगिअर टाकावंसं वाटायला लागलंय. एक विचारतो, प्रत्येक बदलाला सिम्युलेटर बंद-चालू करत बसता का तुम्ही लोक?

शहापूर_सीएनसी

नाही ओ. जेएसबीसिम एकटंच चालवता येतं, ग्राफिक नाही, काही नाही. पायथॉनमध्ये पण पॅकेज आहे. स्क्रिप्टमध्ये लिहायचं की इतक्या उंचीवर इतक्या वेगानं सोड, अमुक सेकंदाला स्टिक इतकी ओढ, आणि कुठले आकडे लिहून पाहिजेत ते. सीएसव्ही मिळतो, एक्सेलमध्ये ग्राफ काढायचा. खानापूरसारख्या लॅपटॉपला हेच बरं, सिन लोड होईपर्यंत इकडं दहा वेळा चालवून होतंय. फाईलीत टॅग बंद करायचा राहिला असेल तर एक्सएमएललिंट लावून आधीच कळतं, लाईन नंबरसकट.

मी ड्रॅग तसाच बसवतो. शून्य लिफ्टचा ड्रॅग आधी ०.०३ धरायचा, फुल थ्रॉटलनं सरळ उडवायचं, जास्तीत जास्त वेग फ्लाइट मॅन्युअलच्या आकड्याशी ताडायचा. वेग घनमुळात बदलतो, म्हणजे ड्रॅग दहा टक्के वाढवला तर वेग तीनच टक्के पडतो. त्यामुळे वेग दहा टक्के जास्त दाखवत असेल तर ड्रॅगच्या मागं लागू नका, प्रोपेलरचं टेबल नाहीतर हॉर्सपॉवर बघा.

खानापूर_घाट

डिग्रीचंच होतं. आता ५५ ला उचलतंय, स्टॉल ५० ला. ९१४ च ठेवणार, बूस्टचे टॅग भरतो रात्री.

एक राहिलं, टेकऑफला डावीकडं ओढतंय, बरंच. उजवा पाय अर्ध्याच्या वर दाबून धरावा लागतोय. आणि हे झाल्यावर विमान सगळ्यांसाठी टाकावं म्हणतोय, काय अडचण आहे काय?

निपाणी_ग्लायडर

डावीकडं जरा ओढणं बरोबरच हाय, पायलटच्या बाजूनं बघितलं तर प्रोपेलर घड्याळाच्या काट्यासारखा फिरतोय. पण अर्ध्याच्या वर म्हणजे जास्त. थ्रस्टरमध्ये पी फॅक्टरचा (प्रोपेलरची एक बाजू जास्त ओढते त्याचा) आकडा हाय बघ, तो शून्य करून एकदा पळव. ओढणं गेलं तर तो आकडाच मोठा हाय, कमी करत आण. नाही गेलं तर पुढच्या चाकाचा वाय बघ, शून्यच पाहिजे, आणि डाव्या-उजव्या चाकाचं रोलिंग फ्रिक्शन सारखं हाय काय बघ. त्याच्या आधी लाईव्ह हवामान बंद कर, पावसाळ्यात सांब्र्याला पश्चिमेचा वारा असतोय, बाजूनं लागला तर विमान वाऱ्यात नाक घालणारच, तो तुझ्या फाईलीचा दोष नव्हं.

शहापूर_सीएनसी

टाकायचं तर लायसन्सचं बघ आधी. फ्लाइटगिअरच्या अधिकृत साठ्यात जीपीएल (खुल्या सॉफ्टवेअरचं लायसन्स) पाहिजे. आवाज, पॅनेल, चाकाचं मॉडेल, जे जे दुसऱ्याच्या विमानातनं घेतलंस त्याचं लायसन्स काय ते बघून मूळ करणाऱ्याचं नाव फाईलीत ठेव, फाईल हेडरमध्ये जागा आहे त्याला. तिथंच आकडे कुठनं आले ते पण लिहून ठेव, कुठला मोजलेला, कुठला हिशोबाचा, कुठला नुसता अंदाज.

टाकलंस की लिंक इथं दे, मी रविवारी सांब्र्यावरनं गोव्याला नेऊन बघतो. परत येताना घाट चढताना इंजिनचं काय होतंय ते कळेल.